देवाच्या बाजूचे मास्तर

गोविंदा,

इथे मी तुला तूच म्हणणार आहे. वाशीमच्या पेठेत, शाळेत, स्टेजवर मी तुला जन्मभर खिल्लारे मास्तर म्हणालो आणि अहो-जाहो केलं. रिसोड रोडवरच्या नाल्याचा पूल ओलांडला, की आपल्या सायकली एकमेकींशेजारी यायच्या, तू मला बुवा म्हणायचास आणि मी तुला गोविंदा. परतताना पूल आला की पुन्हा तुम्ही. हे आपण कधी बसून ठरवलं नव्हतं. माझ्या घरातल्या माणसाने तुझ्या वस्तीतल्या माणसाला चारचौघांत अरे-तुरे केलं, की ऐकणाऱ्यांना त्यात जुन्या काळातलं काय ऐकू येतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. आता पूल ओलांडायला सोबत उरली नाही, म्हणून कागदावर ओलांडतो आहे. वाचणाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

तू जाऊन अजून महिना व्हायचा आहे. शाळेत तुझा तास आता गणिताचे मास्तर घेतात. मी स्टाफरूममध्ये बसतो, चहा येतो, आणि पोरगा सवयीने दोन कप ठेवून जातो. पहिल्या दिवशी मी त्याला ओरडलो. नंतर नाही ओरडलो, दोन्ही पिऊन टाकतो. तू असतास तर म्हणाला असतास, महाजन मास्तर, दुःखात बी फायदा पाह्यता तुमी.

लोक तुझ्याबद्दल बोलतात, चांगलंच बोलतात, आणि ते ऐकून माझा जीव कासावीस होतो. पेठेतल्या दुकानांतून, कोर्टाच्या आवारातून, खेड्यापाड्यांच्या पारांवरून एकच वाक्य कानावर येतं: खिल्लारे मास्तर बौद्ध होते, पण देव मानत होते. 'पण' वर जोर देऊन म्हणतात. त्या एका 'पण'मुळे तू त्यांना आवडायचास. आणि ते खरं नाही, हे पेठेला पटेल असं सांगू शकणारा मी एकटाच शिल्लक होतो.

सुरुवात झाली ती नववीच्या नव्या विज्ञानाच्या पुस्तकामुळे. त्यात उत्क्रांतीचा धडा होता आणि धड्यात माकडापासून माणसापर्यंतचं चित्र. पालक हेडमास्तरांच्या खोलीत येऊन उभे राहिले. "आमचे पोट्टे माकडाची अवलाद हायत, असं शिकवून राह्यले का तुमी?" हेडमास्तरांना घाम फुटला. विज्ञान तू शिकवायचास, उत्तर तू द्यायला हवं होतंस, पण त्यांनी ते लोढणं गावच्या वाचनालयाच्या गळ्यात बांधलं, आणि वाचनालयाने गणपतीत जाहीर वादविवाद ठेवला. विषय: माणूस घडला की घडवला? धडा शाळेत राहणार की पाने चिकटवून टाकायची, हे त्यावर ठरणार होतं, असं हेडमास्तर खासगीत म्हणाले.

वाचनालयाची एक रीत होती. पूर्वी कधी तरी एका वादविवादात वक्त्यांचे सदरे फाटले होते, तेव्हापासून बाजू चिठ्ठी टाकून ठरायच्या, म्हणजे कोणी मनाला लावून घेऊ नये. ग्रंथपालाच्या खोलीत आपण दोघांनी चिठ्ठ्या उचलल्या. मी मराठीचा मास्तर, रोज पूजा करून कपाळाला गंध लावून शाळेत येणारा. माझ्या चिठ्ठीत निघालं 'घडला'. तू छप्पन साली दीक्षा घेतलेला, देव मानणार नाही म्हणून शपथ घेतलेला. तुझ्या चिठ्ठीत 'घडवला'. ग्रंथपाल म्हातारा गृहस्थ, तो हसून हसून खोकायला लागला. मी म्हणालो, आपण बदलून घेऊ. तू म्हणालास, "राहू द्या. रीत म्हंजे रीत."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या ओट्यावर आलास, ओंजळभर जास्वंदीची फुलं घेऊन. तुझ्या अंगणातल्या झाडाची, लाल. एक फूल ब्लेडने उभं चिरलंस आणि मला दाखवलंस: ही पाकळी, हे पुंकेसर, ही मधली नळी, हा खाली अंडाशय. मग म्हणालास, "मी स्टेजवर हेच फूल दाखवीन आन इचारीन, एवढं नेमकं कोनं केलं? तुमी म्हणजा, कोनीच नाई. मंग कसं झालं, ते सांगजा." आणि कसं झालं तेही तूच शिकवलंस, तीन सकाळी येऊन, कधी रागावून, कधी माझ्या बायकोच्या हातचं धपाटं खात. एक फूल शिकवण्यात जायचं. उरलेली तू उचलून तिच्या पूजेच्या ताटलीत ठेवायचास. "हे तुमच्या देवाले," म्हणायचास. वादविवाद झाला, विषय संपला, पण फुलं येत राहिली. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी ओट्यावर तुझी चप्पल वाजायची.

त्या पहिल्या सभेत लोकांनी आपल्याला कलगी-तुऱ्याच्या सामन्यासारखं घेतलं. तू फूल दाखवलंस, डोळ्याची रचना सांगितलीस, आणि विचारलंस, "अर्धा डोया काय कामाचा? डोया एकदम पुरा पाह्यजे. मंग तो एकदम कोनं बसवला?" टाळ्या पडल्या. मी उठलो आणि तू पढवलेलंच बोललो. म्हटलं, आमच्या शेजारच्या म्हातारीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला फक्त उजेड आणि सावली कळते, पण तेवढ्यावर ती बाजेवरून उठून विहिरीत न पडता अंगण ओलांडते. अर्धा डोळा नसलेल्या डोळ्यापेक्षा चांगला. पुढच्या रांगेतलाच एक पालक मान डोलवायला लागला. धडा पुस्तकात राहिला. पाने कोणी चिकटवली नाहीत.

पुढच्या वर्षी वाचनालयाने पुन्हा बोलावलं. मी म्हणालो, या वेळी चिठ्ठीत तुझी बाजू तुला मिळो. तू थेट ग्रंथपालाला सांगून आलास की चिठ्ठी नको, बाजू त्याच ठेवा, लोकांची तशी मागणी आहे. मला राग आला. पूल ओलांडल्यावर मी तुला फैलावर घेतलं. मनात नाही ते बोलायची तुला हौस आहे का, असं विचारलं. तू सायकलवरून उतरलास. ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"बुवा, मी उभा राहून म्हनलो की देवानं काई केलं नाई, तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, याचं तं कामच ते. याइनं देव सोडला, आता आपला बी सोडवून राह्यले. घरी जातीन आन इसरतीन. पन तू गंध लावून म्हंतो ना, तवा लोकाइच्या डोक्यात किडा वळवळते. तुह्या तोंडून ते आयकतात. माह्या तोंडून नाई."

"आणि तू? तू कायले देवाची वकिली करतं?"

"कोनीतरी करायले पाह्यजे. मी करतो तं कुठं ढिलं सोडाचं, हे माह्या हातात राह्यते."

म्हणजे दोन्ही बाजू तुझ्याच होत्या, गोविंदा. तू हरायला उभा राहायचास आणि जिंकायचं कसं ते मला शिकवायचास. वर पुन्हा परतीच्या वाटेवर माझ्या चुका काढायचास. मी म्हणायचो, अरे, मी जिंकलो ना? तू म्हणायचास, जिंकला, पन माकड आन मानसाचा आजा एक होता असं म्हणाचं होतं, माकडच आजा होता असं नोको म्हनू, किती खेप सांगू.

मग आपण गावोगावी गेलो. गणपती, शारदा, कुठे शिवजयंती. जवळ असलं तर सायकलने, लांब असलं तर एसटीने. आणीबाणीत भाषणाला परवानगी लागायची, तेव्हा फौजदाराने तुला दरडावून विचारलं होतं, सरकारच्या विरोधात तर नाही ना काही? तू गंभीरपणे म्हणालास, नाही साहेब, फक्त माकडाच्या विरोधात आहे. तो आधी रागावला, मग हसला, आणि संध्याकाळी सभेला येऊन पुढे बसला. आणि ते कानांचं आठवतं? वर्गात तू दोन्ही कान हलवून दाखवायचास, पूर्वजांच्या कानाचे स्नायू आपल्यात अजून शिल्लक आहेत, म्हणून. एकदा तू स्टेजवर परमेश्वराच्या योजनेबद्दल अगदी रंगात येऊन बोलत होतास आणि मागून तुझेच विद्यार्थी ओरडले, "मास्तर, कान हलवा!" तू थांबलास. मी मनात म्हटलं, आता काय करशील. तू शांतपणे कान हलवलेस, सगळा मांडव हसून लोळला, आणि तू म्हणालास, हे परमेश्वरानं पोरांच्या करमणुकीसाठी ठेवले. त्या दिवशी मी हरलो.

हसण्याचे दिवस होते ते. पण मला दुसरंही एक गाव आठवतं, रिसोडच्या अलीकडचं. तिथे सभा देवळाच्या सभामंडपात होती. अध्यक्षांनी तुला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, तुझ्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं, मास्तर बौद्ध आहेत, पण देवाची बाजू घेतात, अशी माणसं पाहिजेत. तू बोललास, नेहमीसारखं चांगलं बोललास. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तू खिडकीशी बसला होतास. म्हणालास, "माह्या बापाले आमच्या गावच्या मंदिराच्या पायरीवर उभं राहू देलं नाई. मी काल आत उभा होतो. देवाची सोय करून देली म्हणून." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिकीट दुमडत बसलो. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरला त्या दिवशी एक वाक्य जमलं नाही.

तुझ्या वस्तीत तुला काय ऐकावं लागत होतं, ते तू कधी सांगितलं नाहीस. मला ते तुझ्या घरातून, कौसल्यावहिनींकडून कळलं. विहारात जयंतीच्या दिवशी भाषणाला तुला बोलावणं बंद झालं होतं. तरुण पोरं तोंडावर म्हणायची, मास्तरनं पंचवीस रुपयाच्या शालीसाठी बाबासाहेबांची शपथ विकली. तू त्यांना समजावू शकला असतास. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य वस्तीतून पेठेत यायला दोन दिवस पुरले असते, आणि मग माझ्या गंधाची आणि तुझ्या युक्तीची किंमत शून्य झाली असती. म्हणून तू ऐकून घेतलंस. धडा टिकावा, पोरांनी तो न घाबरता वाचावा, एवढ्यासाठी आपल्याच माणसांत परका झालास. एवढं एकटेपण तू कसं पोटात ठेवलंस, हे मला आता कळायला लागलं आहे.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

इंझोरीची सभा. समोर सगळे शेतकरी होते. मी हुशारी करायला गेलो. म्हटलं, तुम्ही भरलेलं कणीस निवडून बियाण्याला ठेवता की नाही? असं पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलात म्हणून रानातल्या गवताची ज्वारी झाली. सृष्टीतही असंच निवडणं चालतं. शेतकरी खूश झाले. तू सावकाश उठलास. "महाजन मास्तर बरोबर बोलले," म्हणालास. "पन बी निवडायले शेतकरी लागते का नाई? मंग एवढ्या सृष्टीचं बी निवडणारा तो शेतकरी कोन?" आणि खाली बसलास. याचं उत्तर तू मला पढवलंच नव्हतंस. टाळ्या थांबेनात. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू डोळे मिचकावलेस.

त्या मुक्कामात मला झोप आली नाही. पहाटे मी उठून एका बांधावर जाऊन बसलो, आणि मला दुष्काळाचं वर्ष आठवलं. तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती त्याला. त्या वर्षी मी देव पाण्यात ठेवले होते. घरात प्यायला पाणी नव्हतं, बायको दोन मैलांवरून घागर आणायची, आणि मी त्यातलं तांब्याभर पाणी रोज देवांवर घालायचो. पाऊस आला नाही. आमच्या वाट्याच्या शेतातली सगळी ज्वारी करपली, फक्त बांधाच्या कडेला काही बुटकी, कोणी न पेरलेली ताटं उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी तिथे त्यांचंच बी उगवलं. त्यांना कोणी निवडलं नव्हतं. दुष्काळाने बाकीची मारली होती, एवढंच. निवडणारा शेतकरी नव्हताच. तो बांध माझ्या डोळ्यांसमोर आला आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. आणि ते सापडताच, पाण्यात बुडवून ठेवलेले ते पितळेचे देवही आठवले. माझा कोणावर राग नव्हता. एवढी वर्षं ज्याच्याशी बोलत होतो, तिकडे कोणी नव्हतं, इतकंच कळलं. मी बांधावर बसून रडलो.

गाडीत मी तुला दुष्काळाचं उत्तर सांगितलं. तू सीटवरून उठलास, कंडक्टर ओरडला तरी बसेनास. "वा बुवा! हे मी सांगतलं नाई हां. हे तुह्यं सोताचं!" तुझा चेहरा असा आनंदलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. पण उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून सभा बंद केल्या असत्यास. खोट्या गंधाचा माणूस तू स्टेजवर उभा केला नसतास, माणूस म्हणून तू तसा नव्हतास. आणि सभा बंद झाल्या असत्या, तर पुलापलीकडे जायचं कारण संपलं असतं. म्हणून मी गंध लावत राहिलो. आधी देवासाठी लावायचो, मग तुझ्यासाठी लावला.

आणि फुलं? ती तू आणतच होतास. तुझा त्या देवावर विश्वास नव्हता, माझाही राहिला नव्हता, आणि रोज सकाळी तू ती आणायचास आणि मी ती वाहायचो. तुला वाटायचं, बुवाचा देव आहे, त्याला जपलं पाहिजे. मला वाटायचं, गोविंदाने एवढ्या लांबून फुलं आणली आहेत, त्यांचा मान राखला पाहिजे. माझी बायको म्हणायची, खिल्लारे मास्तरांसारखा भाविक माणूस पाहिला नाही. मी तिच्याकडेही काही बोललो नाही. ती मनापासून मानते, तिचं कशाला मोडायचं.

शेवटच्या पावसाळ्यात एकदा पुलाच्या कठड्यावर बसलो असताना तू म्हणाला होतास, "देव नसला का मानूस एकटा पडते, बुवा. आमाले त्याची सवय हाय. आमी पयल्यापासून एकटेच होतो. तुमच्या लोकाले ते जमणार नाई." मी तेव्हा हसून विषय बदलला. तेव्हाच सांगून टाकायचं होतं, की गोविंदा, मी तीन वर्षांपासून तिथेच आहे, तू म्हणतोस त्या जागी, जरा सरकून बस. तू सरकला असतास. कदाचित आधी शिवी दिली असतीस.

मग तू गेलास. वर्गात फळ्याकडे तोंड करून काही लिहीत होतास, आणि बसलास, तो बसलासच.

चौथ्या-पाचव्या दिवशी कौसल्यावहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे कोरडे होते, आवाज घट्ट होता. "भाऊ, ते मंदिरवाले येऊन गेले. मास्तरच्या नावानं भजन ठेवतो म्हंतात, सभामंडपात फोटो लावतो म्हंतात. आन आपल्या वस्तीतले पोट्टे म्हणून राह्यले, मंग भजनच होऊ द्या, पुण्यानुमोदनाले आमचं काय काम? मले सांगा, मी कोनाकोनाच्या तोंडाले लागू? माह्या मालकानं देव मानला नाई. हे तुमाले माहीत हाय. तुमीच उभं राहून सांगा."

मी म्हणालो, सांगतो. मग घरी येऊन विचार केला आणि भीती वाटली. मी काय म्हणून सांगणार होतो? मीही मानत नाही असं म्हणालो, तर लोक म्हणणार, मेलेल्या माणसाला आपल्यासारखं करून घेतलं. तुझंच वाक्य मला आठवलं. माझ्या तोंडून लोक ऐकतात, तू म्हणाला होतास, पण गंध असेल तर.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सकाळी उठून नेहमीपेक्षा ठसठशीत गंध लावलं. तुझ्या अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या. वस्तीतली म्हातारी माणसं आली होती, तरुण पोरं बाहेर कुंपणाला टेकून उभी होती, आत येत नव्हती. तुला पायऱ्या चढवून नेणारे ते मंदिराचे अध्यक्ष दोघा-तिघांना घेऊन आले होते, हातात हार होता. त्रिसरण-पंचशील झालं. मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी सांगितली, पूल सांगितला, तू मला काय म्हणाला होतास ते सांगितलं. म्हणालो, उत्क्रांतीच्या बाजूने मी जे जे बोललो, ते सगळं या माणसाने मला शिकवलं. देवाच्या बाजूने तो उभा राहिला, कारण त्याची खरी बाजू त्याच्या तोंडून कोणी ऐकली नसती. त्याने घेतलेली शपथ एक दिवससुद्धा मोडली नाही. त्याने फक्त तुमचे टोमणे ऐकून घेतले. कुंपणाजवळची पोरं एकेक करून आत आली. तुला शालीवरून बोललेला तो उंच पोरगा वहिनींच्या पायाशी बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजे आमच्या मंदिरात उभा राहून मास्तर खोटं बोलले?"

मी म्हणालो, "चिठ्ठीत आली ती बाजू मांडली. खोटं बोलले असते, तर मला उत्तरं शिकवली नसती."

ते थोडा वेळ माझ्या कपाळाकडे पाहत राहिले. "आन तुमी? तुमचं काय? तुमी तं मानता ना देव? का हे बी नाटकच?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. एक क्षण मला वाटलं, आता सांगून टाकावं. एवढ्या वर्षांनी एकदा तरी माझी खरी बाजू माझ्या तोंडून निघावी. पण मग तुझं काय झालं असतं? दोन नास्तिकांनी मिळून गावाला बनवलं, एवढंच उरलं असतं. तुझी शपथ पुन्हा संशयात गेली असती, ती पोरं पुन्हा कुंपणाजवळ गेली असती. मी कपाळाला हात लावला.

"हो," मी म्हणालो. "मी मानतो. म्हणून तर सांगतोय."

अध्यक्षांनी हार तुझ्या फोटोजवळ ठेवला आणि निघून गेले. भजन रद्द झालं. तुझी माणसं तुझ्याभोवती बसली, आणि मी तिथून निघून पुलावर गेलो. पूल रिकामा होता. तुला तुझ्या लोकांत परत दिलं, गोविंदा, याचं मला बरं वाटतं. फार बरं वाटतं. पण आता मला कायमचं देव मानणारा माणूस होऊन राहायचं आहे, आणि मी तसा नाही, हे माहीत असलेलं कोणीही या जगात नाही. तुलाही माहीत नव्हतं.

आज सकाळी ओट्यावर चप्पल वाजली. मी धावत गेलो, कशाला ते तूच समज. कौसल्यावहिनी होत्या, पदरात जास्वंदी घेऊन. म्हणाल्या, "ताप असला तरी मले पाठवाचे. म्हणाचे, बुवाच्या देवाचे फुलं चुकवू नोको. आता कायले चुकवू?" मी फुलं घेतली. त्या उभ्या उभ्याच गेल्या.

आतल्या खोलीत देवांसमोर ताटली ठेवली आणि बसलो. हात उचलेना. शेवटी दाढीचं ब्लेड घेतलं आणि एक फूल उभं चिरलं. ही पाकळी, हे पुंकेसर, ही मधली नळी, हा खाली अंडाशय. सगळं जागच्या जागी होतं. एवढं नेमकं कोनं केलं, तू विचारायचास. मी मोठ्याने म्हणालो, "कोणीच नाही."

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोनाशी बोलून राह्यले?"

मी ब्लेड खाली ठेवलं. मग तिला सांगितलं, "कोणाशी नाही."